दोनचा रकाना

"न पाहता लिहिलेला आकडा खरा निघाला, तर ती नोंद खोटी म्हणायची का, सर?"

हा प्रश्न मला विचारला गेला तेव्हा बौद्ध ज्ञानमीमांसा शिकवण्यात माझी बावीस वर्षे गेली होती. प्रश्न तसा नवा नव्हता. प्राचीन बौद्ध तार्किकांपुढे तो वेगळ्या वेषात आला होता: दूरवर उडालेली धूळ एखाद्याला धूर वाटते, त्या धुरावरून तो तिथे अग्नी असल्याचे अनुमान करतो, आणि योगायोगाने तिथे अग्नी असतोच. मग त्याला अग्नीचे ज्ञान झाले असे म्हणायचे का? या दाखल्यावर मी तासभर बोलू शकत होतो. अनेकदा बोललोही होतो. पण समोर बसलेल्या बाई धुळीविषयी विचारत नव्हत्या. त्यांच्या मांडीवर निळ्या पुठ्ठ्याची नोंदवही होती, आणि दाराबाहेर त्यांच्या चपला अशा सोडलेल्या होत्या की पाय सरकवून लगेच निघता यावे. मला उत्तर देता आले नाही. पुढचे लेखन त्या न दिलेल्या उत्तराभोवती फिरते, आणि ते उत्तर मला आजही सापडले आहे असा माझा दावा नाही.

संस्थेत त्यांना सगळे पाराताई म्हणत. १९७९ पासून त्या वेळ-विभागात वाचक होत्या. 'वाचक' हा तिथल्या पदाचा अधिकृत शब्द. पुस्तकांशी त्याचा संबंध नव्हता. विभागाच्या तळघरात दोन अणुघड्याळे होती. घड्याळ म्हटल्यावर डोळ्यांपुढे येते तसे त्यांत काहीच नव्हते. पुरुषभर लांबीच्या दोन पोलादी निर्वात नळ्या आडव्या ठेवलेल्या. एका टोकाच्या लहानशा भट्टीतून धातूचे अणू सुटत, दुसऱ्या टोकाला ते मोजले जात, आणि त्यांच्या ठरावीक कंपनावरून सेकंदाची लांबी निश्चित होई. ज्या खोलीत ही यंत्रे होती तिचे तापमान किंचित हलले तरी दशांशचिन्हानंतर कितीतरी घरे ओलांडून पुढे कुठेतरी सेकंद बिघडत असे. म्हणून ती खोली कायम बंद. तिच्या भिंतीत एक जाड काच, काचेच्या अलीकडे बाहेरची खोली, त्या खोलीत स्टँडवर बसवलेली एक लहान दुर्बीण, एक टेबल, एक खुर्ची. काचेपलीकडे पाऱ्याचा तापमापक. विजेवर चालणाऱ्या नोंदयंत्राच्या मोटरीमुळे चुंबकीय गडबड होते, म्हणून नोंद हातानेच करायची असा विभागाचा आग्रह होता.

पाराताईंची पाळी सकाळी आठ ते दुपारी साडेचार. दर तासाच्या ठोक्याला दुर्बिणीला डोळा लावायचा, पाऱ्याची उंची अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत वाचायची, वहीत त्या तासाच्या रकान्यात ती लिहायची आणि सही करायची. नियम तीन होते. नोंद शाईने करावी. चूक झाल्यास खोडू नये; आकडा वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारून समासात कारण लिहावे. आणि पाळी संपेपर्यंत वाचकाने बाहेरची खोली सोडू नये. हा तिसरा नियम करणाऱ्या माणसाला निसर्गाची हाक कधी ऐकूच आली नसावी, असे पाराताई म्हणत.

खिडकी नसलेल्या त्या खोलीत त्यांनी अठरा वर्षे एकच आकडा वाचला. बावीस पूर्णांक चाळीस. कधी एकोणचाळीस, कधी एकेचाळीस. "माझ्या नोकरीत काही घडलं, तर ती बातमी वाईटच असणार," असे त्यांनी मला एकदा सांगितले होते.

त्यांचे पती त्याच संस्थेच्या कार्यशाळेत लेथ चालवत. १९८५ साली सामानाच्या माळ्यावरून पडून त्यांच्या कण्याला इजा झाली. छातीखालचे शरीर गेले, हातांतली ताकदही निम्मी उरली. डोके मात्र पूर्वीइतकेच धारदार राहिले, आणि जीभ त्याहून. संस्थेने आवारातले दोन खोल्यांचे घर त्यांच्याकडे राहू दिले. अट एकच: पत्नी कामावर असेपर्यंत. ते घर तळघरापासून आठ मिनिटांच्या अंतरावर होते.

ज्याला पाठीची संवेदना नाही, त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. नाहीतर अंगाखाली दबलेली कातडी मरते आणि त्याला कळतही नाही. पहिल्याच वर्षी कमरेच्या वर बशीएवढी जखम झाली. ती भरायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत पाराताईंनी जे धुतले, पुसले आणि हुंगले, त्याविषयी त्या बोलत नसत. जखम भरल्यावर त्यांनी दिवसाची आखणी केली. सकाळी त्या स्वतः. मग दुपारी बारापर्यंत नणंद. ती बाराला भावाला वळवून रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला जाई. साडेतीनला मुलगी शाळेतून येई. मध्ये दोन वाजताचे वळवणे उरत होते. ते कुणाच्याच वाट्याला येईना.

तेव्हाच्या विभागप्रमुखांकडे त्यांनी दुपारी चाळीस मिनिटांची परवानगी मागितली. लेखी मागितली. उत्तर तोंडी आले: एकाला सवलत दिली की सगळे मागतील.

तेव्हापासून त्या एकची नोंद वाचून करत, आणि पावणेदोनला, निघण्यापूर्वी, दोनच्या रकान्यात एकचाच आकडा पुन्हा लिहून सही करत. रकाना आधी का भरायचा, हे मी त्यांना नंतर विचारले. त्यांचे उत्तर चोख होते. "रिकामा रकाना लांबूनही दिसतो, सर. भरलेला कोणी वाचत नाही." परत आल्यावर, अडीचच्या सुमारास, दुर्बिणीला डोळा लावून खात्री करण्याचे धाडस मात्र त्यांनी कधी केले नाही. वेगळे काही दिसले असते तर रेघ मारावी लागली असती, आणि रेघ मारली की समासात कारण. म्हणून त्या डोळा लावत थेट तीनला.

आणखी एक गोष्ट इथे नोंदवली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे. दोनचा आकडा त्यांनी कधी सजवला नाही. चाळीसचे एकोणचाळीस, एकोणचाळीसचे एकेचाळीस असा किरकोळ फरक करून ठेवणे सहज शक्य होते. तसे केले असते तर कुणाच्या लक्षात काही आले नसते. पण मनाने आकडा रचायचा नाही, निदान डोळ्यांनी पाहिलेलाच लिहायचा, मग तो तासापूर्वीचा का असेना, एवढा प्रामाणिकपणा त्यांनी स्वतःशी राखला होता. त्या प्रामाणिकपणानेच त्यांना पकडले.

माझा त्यांच्याशी परिचय १९९६ मध्ये झाला. मन, काळ आणि वास्तव यांवर बौद्ध विचार व भौतिकी यांचा संवाद घडवावा असे संचालकांच्या मनात आले, आणि दर गुरुवारी पावणेपाचला संस्थेच्या ग्रंथालयात माझा वर्ग सुरू झाला. शेवटच्या रांगेत पाराताई बसत. नवऱ्यानेच त्यांना पाठवले होते. "जा, ऐकून ये. पोरगी आहे घरात. आणि मी काय, मी कुठं जाणार?"

तिसऱ्या गुरुवारी क्षणिकवादाचा विषय होता. दिव्याची ज्योत तीच राहिलेली दिसते, पण प्रत्यक्षात दर क्षणी एक ज्योत विझते आणि तिच्यासारखीच दुसरी तिची जागा घेते. ज्याला आपण स्थिर म्हणतो ती सारख्या क्षणांची रांग असते, असे मी सांगत होतो. मागून आवाज आला.

"म्हणजे बावीस-चाळीसनंतर पुन्हा बावीस-चाळीस आलं, तर ते सारखं. तेच नव्हे."

"अगदी बरोबर," मी म्हणालो, आणि मला फार आनंद झाला. इतके नेमके विधान त्या वर्गात कुणी केले नव्हते. पाराताईंच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. मी तो विचारमग्नतेचा भाग समजलो.

त्याच दिवशी उत्साहाच्या भरात मी असेही म्हणून गेलो की, पाहिल्यावाचून वस्तूला निश्चित रूप नसते हे दोन्ही परंपरांना मान्य आहे. नवे विभागप्रमुख पहिल्या रांगेत होते. मोकळ्या स्वभावाचा माणूस, मला मास्तर म्हणे. "मास्तर, अणूचं बोलताय तर जपून बोला. मापलंच नाही तर त्याचं उत्तर आधीपासून तिथं होतं असं धरता येत नाही, हे खरंय. पण खोलीचं तापमान कोणी पाहिलं नाही म्हणून अधांतरी लोंबकळत नाही. ते असतंच. फक्त तुम्हाला माहीत नसतं." वर्ग हसला. पाराताईंनी ते वाक्य वहीत उतरवून घेतले. ती वही मी पुढे पाहिली. त्या वाक्याखाली दोन रेघा होत्या.

१९९७ च्या सुरुवातीला विभागात एक तरुण संशोधिका आली. दोन्ही घड्याळांची आजवरची सर्वांत काटेकोर तुलना करायचे काम तिच्याकडे होते, आणि तिची पुढची नेमणूक त्या कामावर अवलंबून होती. तुलनेसाठी खोली सर्वांत शांत, म्हणजे तिचे तापमान सर्वांत स्थिर, कधी असते हे शोधायला तिने अकरा वर्षांच्या नोंदवह्या उघडल्या. महिनाभराने ती हातात आलेख नाचवत तळघरात उतरली.

"ताई, तुमची खोली काय करते माहितीये? दोन वाजता श्वास रोखून धरते! एक आणि दोनमध्ये फरक शून्य. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, अकरा वर्षं. मध्ये काही दिवस वेडेवाकडे आकडे होते, पण ते तुमच्या रजेतले, बदली वाचकांचे. त्यांना कुठं तुमच्यासारखं वाचता येतंय? ते मी वगळले."

पाराताईंनी आलेख पाहिला. त्यावर बाकीच्या तासांना वरखाली विखुरलेली टिंबे होती आणि दोनपाशी एक सरळ, निर्जीव रेघ. त्या रेघेत त्यांना स्वतःचे घरी जाणे दिसत होते.

संशोधिका बोलतच होती. घड्याळ कसे चालते हे तिला सगळ्यांना समजावून सांगायला आवडे. "नळीत अणूला दोनदा टोकतात. सुरुवातीला एकदा, शेवटी एकदा. मधल्या वाटेत तो दोन्ही अवस्थांत असतो, आणि तिथं त्याला काही विचारायचं नाही. मध्येच कोणी विचारलं, की सगळं पुसलं जातं. घड्याळ चालतं ते मधल्या वाटेत कोणी विचारत नाही म्हणून."

"माझंही तसंच चाललंय," पाराताई म्हणाल्या. संशोधिका खळखळून हसली. तिला तो विनोद वाटला.

विभागप्रमुख खूश झाले. ठरले असे: तीन आठवडे रोज दीड ते अडीच तुलना, बाहेरच्या खोलीत चौघे हजर, आणि पाराताईंनी दर पाच मिनिटांनी वाचन करायचे. अकरा वर्षांत प्रथमच त्या दोन वाजता दुर्बिणीपाशी असणार होत्या.

नणंदेने एक दिवस काम बुडवले. दुसऱ्या दिवशी तिला बुडवता आले नाही. त्या दुपारी साडेतीनला मुलगी घरी पोहोचली तेव्हा बापाच्या पाठीवर, जुन्या जखमेच्या जागी, तळव्याएवढा लाल डाग होता. बोट दाबले तरी त्याचा रंग जात नव्हता.

तळघरात पहिल्याच दिवशी पाराताईंनी दोनला डोळा लावला आणि तो तिथून काढला नाही.

"ताई, आकडा?"

"बावीस एकसष्ट."

"पुन्हा वाचा ना."

"पुन्हा वाचलं. बासष्ट होतंय आता."

विभागप्रमुखांनी स्वतः वाकून पाहिले. बासष्ट. अडीचला पारा उतरू लागला, तीनला पुन्हा चाळीस. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही.

पहिल्याच संध्याकाळी पाराताईंनी नवऱ्याला हे सांगितले होते. ते छताकडे पाहत हसले. "अगं, पावणेदोनला जेवणाची सुट्टी संपते. कार्यशाळेत सगळी लेथं एकदम चालू व्हायची. दिवे मंद व्हायचे, आम्ही ओरडायचो. तुमच्या खोलीचं थंडयंत्र त्याच तारेवर. वीज कमी पडल्यावर ते काय गार करणार? दम खातं अर्धा तास. शनिवारी कार्यशाळा बंद, तेव्हा नसेल होत."

म्हणजे दोन वाजता ती खोली कधीच शांत नव्हती. शनिवार सोडून.

वर, विभागात, वेगळाच निष्कर्ष निघाला. अकरा वर्षे शांत असणारी खोली आपण पाहायला गेल्याबरोबर बिघडली, याचा अर्थ बाहेरच्या खोलीतल्या चार देहांची ऊब काचेतून आत जाते आहे. "बघायला आलो आणि बिघडवून बसलो," विभागप्रमुख म्हणाले. "मास्तरांना सांगा, त्यांना आवडेल." सोमवारपासून दीड ते अडीच बाहेरच्या खोलीत कुणीही थांबायचे नाही, तापमान जुन्या नोंदींवरून गृहीत धरायचे आणि घड्याळांची मोजणी वरच्या मजल्यावरून तारेने घ्यायची, असा आदेश निघाला. संशोधिका तो सांगायला धावत आली. "ताई, तुम्हाला रोज तासभर सुट्टी! जा, मस्त ऊन खाऊन या."

अकरा वर्षांपूर्वी जे लेखी मागून मिळाले नव्हते, ते आता आपणहून हातात पडले होते. दार उघडे होते. बाहेर पडायला काही करावे लागणार नव्हते. फक्त काही बोलायचे नव्हते.

त्या गुरुवारी वर्ग संपल्यावर पाराताई ग्रंथालयामागच्या माझ्या खोलीत आल्या, आणि मी इथवर जे लिहिले ते त्यांनी मला सांगितले. पंधरा मिनिटांत, एकदाही न अडखळता. मग त्यांनी विचारले, "तुम्ही म्हणालात ना, क्षणापूर्वीची मी आणि आताची मी तीच नाही. मग पावणेदोनला सही करणारी एक, आणि दोनला नवऱ्याची पाठ पुसणारी दुसरी. यांतल्या कुणी कुणाला फसवलं?"

विद्यार्थ्याने विचारले असते तर मी या युक्तिवादाचे कौतुक केले असते. "तीच नाही, आणि वेगळीही नाही," मी म्हणालो. "एकच प्रवाह आहे. पेरलेलं त्याच प्रवाहात उगवतं."

"म्हणजे इथून वाट नाही."

"नाही."

"बरं." त्यांनी वही उघडली. "मग हे सांगा. बाकीचे दिवस चुकलेच, तिथं रेघ मारायची हे मला कळतं. पण शनिवार? शनिवारी लेथं बंद. तेव्हा खोलीत चाळीसच असणार, आणि मी चाळीसच लिहिलंय. न पाहता लिहिलेला आकडा खरा निघाला, तर ती नोंद खोटी म्हणायची का, सर?"

मी धुळीचा आणि धुराचा दाखला सांगायला सुरुवात केली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. "त्या माणसाचं पुढं काय झालं?" त्यांनी विचारले.

"कुठल्या?"

"धूळ बघणाऱ्याच्या."

दाखल्यातल्या माणसाचे पुढे काही होत नाही. तो दाखला संपताच संपतो. पाराताईंना घर होते, घरात पाठ होती, वर एक मुलगी होती जी खोट्या शांततेवर आपले पहिले मोठे काम उभे करत होती. सांगावे तर नोकरी जाणार, नोकरीबरोबर घर, घराबरोबर ती आठ मिनिटांची वाट. गप्प राहावे तर सेकंदात चूक मुरणार आणि तिच्याखाली त्यांचे अक्षर असणार. मी त्यांना एवढेच म्हणालो की मला विचार करायला वेळ हवा. "घ्या की," त्या म्हणाल्या आणि चपला पायात सरकवून गेल्या.

उत्तर त्यांना घरी मिळाले, किंवा उत्तरासारखे काहीतरी. नवरा सुरुवातीला मजेत होता. "आयती सुट्टी मिळतेय, घे गपचूप. सरकारी शांतता आहे ती."

"अहो, त्या पोरीने माझ्या अक्षरावर आलेख काढलाय."

"मग? अक्षर चांगलं आहे तुझं."

"थट्टा पुरे."

पाराताई त्यांना डाव्या कुशीवर घेत होत्या. तोंड भिंतीकडे गेल्यावर ते बोलू लागले. "एकदा मी एक दांडा माप न घेताच वर पाठवला होता. घाई होती. हाताला बरोबर वाटला. बसला बरं का तो, नेमका बसला. साहेबांनी पाठ थोपटली. पण तो दांडा मला कधी मी केलेला वाटला नाही. आपोआप झाला, एवढंच."

"घर जाईल."

"जाईल तर जाईल. मला काय, तू जिथं ठेवशील तिथं पडून राहीन. तो एक गुण आहे माझ्यात."

सोमवारपासून पाराताईंनी आदेशाप्रमाणे दुपारची सुट्टी घेतली, घरी जाऊन पाठ पाहिली, डागावर भार येणार नाही अशी उशी लावली, आणि परत येऊन दोन नोंदींच्या मधल्या वेळात कपाटातून जुन्या वह्या एकेक काढल्या. दोनचा रकाना. आकडा वाचता येईल अशी एक आडवी रेघ, समासात कारण, सही, आजची तारीख. नियमात होते तसेच. कारण म्हणून 'चूक' हा शब्द त्यांनी लिहिला नाही. प्रत्येक ठिकाणी दोनच शब्द होते: 'पाहिले नाही'. शनिवारही त्यांनी सोडले नाहीत. दोन हजार नऊशे चौदा रेघा मारायला त्यांना नऊ दिवस लागले. तोवर तुलना वर चालूच होती, आणि रोज वाया जात होती, हे त्यांना माहीत होते. पण अर्धी वही घेऊन जायचे नाही असे त्यांनी ठरवले होते. त्या नऊ दिवसांबद्दल संशोधिकेने त्यांना सर्वांत उशिरा क्षमा केली.

दहाव्या दिवशी अकरा वह्या विभागप्रमुखांच्या टेबलावर होत्या. त्यांनी पहिली उघडली, दुसरी उघडली, मग खिशातला चष्मा काढून पुन्हा पहिली उघडली.

"हे काय आहे, ताई?"

"दोन वाजता मी घरी होते, सर. रोज."

"अकरा वर्षं? अहो, एकदा विचारायचं तरी!"

"विचारलं होतं. तुमच्या आधीच्या सरांना. लेखी."

तो अर्ज फायलीत सापडला. कोपऱ्यावर कुणीतरी पेन्सिलीने 'नंतर पाहू' असे लिहिले होते.

"ही जुनी सगळी भानगड तुम्ही मला सांगितली नसती," विभागप्रमुख अखेर म्हणाले, "तर मला कधीच कळलं नसतं."

"तापमान असतंच, सर. फक्त तुम्हाला माहीत नसतं."

यावर ते हसले नाहीत. चौकशी झाली. पाराताईंना वेळ-विभागातून काढून फाटकाजवळच्या भांडारात नेमण्यात आले. घर राहिले, कारण नोकरी राहिली. दुपारी चाळीस मिनिटे बाहेर जाण्याची परवानगी मिळाली, पण फाटकावरच्या वहीत जाण्यायेण्याची वेळ मिनिटासकट लिहून, आणि तेवढी मिनिटे साडेचारनंतर भरून देण्याच्या अटीवर. खोलीला भिंती तेवढ्याच राहिल्या. एक खिडकी आली, एवढाच फरक. संशोधिकेचे दोन महिन्यांचे काम फुकट गेले. पुढे तिने तुलना शनिवारी दुपारी केली, कार्यशाळा बंद असताना, नवे तापमापक लावून. ती चांगली उतरली. मधल्या काळात ती भांडारावरून जाताना पलीकडच्या बाजूने जाई, वर्षभराने एकदा आत आली, दोन पुडे ड्रॉइंग पिना मागितल्या आणि म्हणाली, "ताई, शनिवारी खरंच चाळीस असतं." पाराताईंनी पिना मोजून दिल्या.

साडेचारनंतर चाळीस मिनिटे म्हणजे पाच वाजून दहा. माझा वर्ग पावणेपाचला सुरू होई. त्यामुळे पाराताई पुन्हा कधी त्या शेवटच्या रांगेत दिसल्या नाहीत. वर्ग अर्धा तास पुढे ढकलता आला असता, हे मला पुढच्या वर्षी सुचले. तोवर मालिका संपली होती. मन आणि काळ यांवर मी त्या ग्रंथालयात जे काही बोललो त्यातले बरेच मी पुढे छापले, पण शनिवारचा प्रश्न त्यात नाही. धूळ आणि धुराचा दाखला मी अजून शिकवतो. विद्यार्थी तो आवडीने लिहून घेतात.

फाटकावरच्या वह्या मी एकदा चाळल्या. दोन ओळींमधली वेळ कधी अडतीस मिनिटे, कधी त्रेचाळीस. एकही दिवस आदल्या दिवसासारखा नाही. रविवार सोडले तर एकही दिवस गळलेला नाही. वीस वर्षांत पाराताई घरापासून आठ मिनिटांहून लांब गेल्याचे मला तरी माहीत नाही.

त्यांचे पती फेब्रुवारी २००६ मध्ये वारले. तपासणाऱ्या डॉक्टरांच्या नोंदीत पाठीवर एकही जखम नसल्याचे लिहिले आहे.